मोठीमायच्या धुतलेल्या शिश्या

आयुष्यातली तीन वर्षं मी लोकांना "थुंका" म्हणून विनवण्यात घालवली आणि ती फार मजेत गेली. लग्नकार्यात कोणी विचारलं, तू नक्की काय करतेस गं, की मी हेच सांगते आणि समोरच्या बाईचा चेहरा बघत बसते. बहुतेक जणी हातातला पेढा खाली ठेवतात.

जळगावच्या एका प्रयोगशाळेत माझं पीएचडीचं काम चाललं होतं. केळी आणि कापूस पिकवणारी, वर्षानुवर्षं फवारणीच्या औषधांत वावरणारी कुटुंबं घ्यायची आणि त्यांच्या शरीरात आतल्या आत काय बदलतं ते बघायचं. पेशी या घटकेला कुठल्या कामाला लागल्यात, ते आरएनएवरून कळतं. हे आरएनए रक्तात सापडतं तसं लाळेतही सापडतं. सुई दिसली की आमच्याकडचे धिप्पाड गडीसुद्धा मागच्या दारानं शेताची वाट धरतात, म्हणून लाळच घ्यावी, ही कल्पना माझी. सर म्हणाले होते, लाळेतलं आरएनए टिकवणं म्हणजे डोक्याला ताप आहे. मी म्हटलं, होऊ द्या. माझा स्वभावच तसा, नको म्हटलं की तेच हवं.

आरएनए म्हणजे नवा जावई. जरा कुठे कमी-जास्त झालं की रुसलाच. लाळेतच त्याचे तुकडे करणारे घटक असतात, आपल्या हातांवर असतात, बोलताना उडणाऱ्या तुषारांत असतात. म्हणून हातमोजे, तोंडाला मास्क आणि काम चालू असताना गप्पा बंद. ही शेवटची अट माझ्यासाठी किती अवघड होती ते माझ्या घरच्यांना विचारा. नमुना घ्यायच्या प्रत्येक नळीत आम्ही आधीच एक द्रावण घालून ठेवायचो, पाण्यासारखंच दिसणारं, तळाशी दोन बोटं. लाळ त्यात पडली की ते तुकडे करणारे घटक जागच्या जागी थंड पडतात आणि आरएनए धड राहतं. सगळी मदार त्या दोन बोटं द्रावणावर.

पुढचं काम मला इतकं आवडायचं की त्या दिवशी मी सकाळी अंघोळ करतानाच गुणगुणायचे. लाळेत गुलाबी रसायन घालायचं, मग क्लोरोफॉर्म, मग नळी जोरात हलवून यंत्रात गरागरा फिरवायची. बाहेर काढली की तीन थर झालेले असायचे. खाली गुलाबी, मध्ये पांढरी साय, वर नितळ पाणी. आरएनए त्या वरच्या पाण्यात. ते श्वास रोखून, सायीला धक्का न लावता, हळूच ओढून घ्यायचं. हावरटपणा करून शेवटचा थेंब ओढायला गेलं की साय वर आलीच. मग अल्कोहोल घालून पुन्हा फिरवायचं, की तळाशी नखाच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसायचा. कधी कधी तोही दिसत नसे, आहे असं मानून पुढे जायचं. शेवटी परीक्षा. चायना ग्रासच्या वडीसारखी एक लादी असते, तिच्या खाचांत थेंब थेंब नमुने सोडून वीज चालू करायची. आरएनए धड असेल तर दोन पांढरे पट्टे ठसठशीत उठतात. तुटलेलं असेल तर नुसता खालपर्यंत ओघळ.

सावद्याच्या नमुन्यांचे पट्टे पहिल्याच फेरीत उठले. सावदा जवळ, पहाटेची पहिली गाडी पकडली की लोक चूळ भरत असतानाच मी त्यांच्या दारात. तिथले एक नाना आधी फार संकोचले, पाहुण्या बाईसमोर थुंकायचं कसं म्हणून. मग केळीच्या बागेत आड जाऊन नळी भरून आले आणि वर मला केळ्यांच्या दोन फण्या दिल्या. बारा नमुने घेतले, बाराही उत्तम निघाले. मी प्रयोगशाळेत अक्षरशः नाचले. मास्क लावून नाचले, पण नाचले.

कापसाकडचे बारा नमुने धुळ्याकडून, सोनगीरजवळच्या आमच्या गावातून घ्यायचे होते. तिथे माझी मोठीमाय राहते, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दहावीपर्यंत मी तिच्याच घरी राहून शिकले. आमच्या गल्लीत तिचा शब्द खाली पडत नाही, त्यामुळे बारा माणसं तिनं एका सकाळीत ठरवली. जळगावहून पहाटे निघूनही मला तिथे पोचायला दहा वाजायचे आणि नमुना हवा सकाळी, चहाच्या आधी. म्हणून मी नळ्या आदल्या दिवशीच धुळ्याच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली करायचे. मोठीमायचे यजमान, आमचे आबा, त्या धुळ्याच्या स्टँडवर उतरवून घेत. सकाळी मोठीमाय त्या वाटायची, भरून घ्यायची, आणि मी पोचले की बाराच्या बारा नळ्या खुणेपर्यंत भरलेल्या, ओळीनं उभ्या. एवढा नीटनेटका नमुना मला सावद्यालाही मिळाला नव्हता.

आणि त्या बाराही नळ्यांतून निघाला ओघळ.

मी म्हटलं, गाडीत तापल्या असतील. दुसऱ्या वेळी परतताना दुप्पट बर्फ घेतला, मांडीवर डबा ठेवून धुळे ते जळगाव एकदाही पाय हलवले नाहीत. पुन्हा ओघळ. रसायनं नवी आणली, यंत्र तपासलं, हात चार वेळा धुतले. सावद्याचा एक नमुना मुद्दाम शेजारी ठेवून चालवला. त्याचे पट्टे दिमाखात उठले आणि शेजारी आमच्या गावचे बारा ओघळ. आपल्याच माहेरानं आपल्याला तोंडघशी पाडावं असं वाटलं मला.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी आंधळी. नळ्यांवर आकडे मी इंग्रजीत लिहून पाठवायचे. परत येत त्या मराठीत. सातव्या नळीवर चक्क ७. मी तो आकडा बघितला, मनात म्हटलं, मी कधी मराठीत लिहिलं बरं, आणि नळी यंत्रात सारली. म्हणे संशोधक.

सरांनी मला बोलावलं. ते ओरडत नाहीत, तेच वाईट. म्हणाले, एकाच बाजूचे नमुने घेऊन तुलना होत नाही. संक्रांतीच्या आत एकदा शेवटचं बघ. नाहीच जमलं तर लाळ बंद, आपण रक्तावर जाऊ. मी खाली मान घालून हो म्हटलं. रक्त म्हटलं की आमच्या गल्लीतले बाराच्या बारा जण गायब होणार, हे मला माहीत होतं. म्हणजे कापसाची बाजू गेली, माझी कल्पना गेली आणि तीन वर्षंही गेली. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खोटं कशाला सांगू?

शेवटच्या फेरीला मी जरा डोकं चालवलं. संशय गाडीवर होता, म्हणून बारा नळ्या नेहमीप्रमाणे सकाळच्या गाडीत कंडक्टरकडे दिल्या आणि दुसऱ्या बारा स्वतःच्या पिशवीत घेतल्या. दोन्हींत लाळ घ्यायची, म्हणजे दोष प्रवासाचा का ते कळेल. आणि या वेळी आदल्या दिवशी दुपारीच निघाले, न सांगता. चार वाजता गल्लीत शिरले तर मोठीमायच्या ओट्यावर ऊन उतरलं होतं. उन्हात एक पांढराशुभ्र पंचा अंथरलेला, आणि त्या पंचावर माझ्या बारा नळ्या, झाकणं काढून, पालथ्या, वाळत घातलेल्या. शेजारी बसून मोठीमायची सून पुसल्या गेलेल्या जागी पेनानं नवे आकडे घालत होती. एक, दोन, तीन, मराठीत.

मी पिशवी घट्ट धरून तशीच उभी राहिले. मोठीमाय हात पुसत बाहेर आली, मला बघून तिचा चेहरा फुलला. म्हणाली, "उनी का बेटा? काळजी नको करू, तुन्ह्या बठ्ठ्या शिश्या धुयेल शेतस."

राखेनं घासल्या होत्या. मग गरम पाणी, मग ऊन. तिन्ही वेळा, न चुकता. तळाशी पाण्यासारखं काहीतरी होतं म्हणे, कोणाचं उष्टं-खरकटं असेल म्हणून आधी ते मोरीत ओतलं.

मी चिडले. माझ्या जिभेला हाड नाही, तेव्हा तर मुळीच नव्हतं. कोणी सांगितलं होतं तुला धुवायला, माझी तीन वर्षं मोरीत घातलीस, असं मी भर ओट्यावर, सुनेच्या देखत बोलले. शेजारची दोन दारं उघडली. मोठीमायनं माझ्याकडे बघितलं. ती रागावली नाही, तिला खरोखरच कळेना.

"लोकेस्ना तोंडले लावानं भांडं शे," ती म्हणाली. "बिनधुयेल कसं देवानं?"

न धुतलेलं कसं द्यायचं, एवढंच तिचं म्हणणं. याच बाईनं दहा वर्षं माझा शाळेचा डबा राखेनं घासून, असाच पालथा घालून, असाच उन्हात वाळवला होता. कोणाच्या घरून आलेली वाटी तिनं कधी विसळल्याशिवाय वापरली नाही आणि परत करताना कधी रिकामी दिली नाही. मी तिला बारा भांडी पाठवली, तिनं ती बारा भांड्यांसारखी वागवली. आणि मी तीन फेऱ्यांत एकदाही तिला सांगितलं नव्हतं की आत जे आहे ते ओतू नकोस. कंडक्टरला मी उन्हाबद्दल सांगितलं, आबांना स्टँडबद्दल सांगितलं, जिच्या हाती सगळं होतं तिला काहीच नाही. घरचीच बाई ना. घरच्यांना कोण सांगत बसतं?

मी ओट्यावर बसले आणि सगळं नीट सांगितलं. लाळेत एक नाजूक गोष्ट असते, ती नासू नये म्हणून ते पाणी असतं, मी ते मुद्दाम घातलेलं असतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिचा हात तोंडावर गेला.

"म्हंजे लोणचामधलं मीठ मीच फेकी दिन्हं?"

तीन वर्षं मी परिषदांत मोठमोठे शब्द वापरून जे समजावत होते, ते इतक्या सरळ मलाही कधी सांगता आलं नव्हतं. मी हो म्हटलं आणि मग मला हसू आलं. तिला आलं नाही. ती उठून आत गेली, पाच मिनिटं भांड्यांचा आवाज येत राहिला, मग बाहेर येऊन तिनं विचारलं, चांगल्या शिश्या किती उरल्या. मी पिशवी दाखवली. बारा. माणसं बारा. एकही सांडून चालणार नव्हती. मोठीमायनं मान डोलावली आणि संध्याकाळी स्वतः घरोघरी जाऊन निरोप देऊन आली. काय निरोप दिला ते मला सकाळी कळलं.

सकाळी सहाला आमच्या गल्लीत एकाही चुलीवर, एकाही गॅसवर चहा नव्हता. मोठीमायचा हुकूम होता. पोरीचं काम होईपर्यंत कोणी चहा प्यायचा नाही, मिश्री लावायची नाही, तंबाखूला हात लावायचा नाही. साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि ओट्यावर यायचं. नमुना द्यायचा होता बारा जणांना, चहा बंद झाला अख्ख्या गल्लीचा, कारण एका घरातून वास आला असता तर दुसऱ्याचा निश्चय टिकला नसता. मोठीमाय दारात पाटावर बसली होती आणि नळ्यांचा ट्रे तिच्या मांडीवर होता. कोणी हात पुढे केला की ती सांगायची, आतलं पाणी सांडू नको, ते पाणी नाही, मीठ आहे. आबांनी तिची नजर चुकवून कोपऱ्यात मिश्रीची डबी उघडली, तर तिनं न बघता नुसतं "हं" केलं. डबी बंद झाली. एवढी जरब बसवणारा मदतनीस जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेकडे नसेल.

अकरा नळ्या भरल्या. बारावी शेजारच्या अक्कांची. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, थंडीचे दिवस, चहा नाही, तोंडाला कोरड पडलेली. बिचाऱ्या प्रयत्न करकरून थकल्या आणि नळीत नुसता फेस. मी म्हटलं, राहू द्या अक्का. मनात मात्र बाराचे अकरा होताना दिसत होती. त्यांना चिंच देऊ का, असं कोणीतरी म्हणालं, तर मोठीमायनंच अडवलं, काही खायचं नाही म्हणून. आदल्या दिवशी ऐकलेलं एक अक्षर ती विसरली नव्हती.

मग तिनं अक्कांचा हात हातात घेतला आणि भरिताची गोष्ट काढली. शेतात काड्या पेटवून त्यावर हिरवी लांबुडकी वांगी कशी भाजायची, साल कसं सुटतं, लाकडाच्या बडगीत घालून ठेचताना वाफ कशी नाकात जाते. मग कांद्याची पात, मग हिरवी मिरची, मग लसूण तेलात पडला की चर्र आवाज कसा येतो. सावकाश सांगत होती, जराही घाई नाही. वर तेलाचा तवंग आला, असं म्हणाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर फुगली, असं म्हणाली. मी स्वतः गिळलं. ओट्यावरची सगळी माणसं गिळत होती. अक्कांनी शांतपणे नळी तोंडाला लावली आणि खुणेच्या वरपर्यंत भरून दिली.

गल्लीत एकदम सगळ्या घरी चहा चढला. मी निघाले तेव्हा मोठीमायनं मला स्टीलचा एक डबा दिला, भरीत आणि कळण्याच्या भाकरी. गोष्ट सांगितल्यावर ते करणं भागच होतं, नाही तर गल्लीनं तिला सोडलं नसतं. डबा देताना तिनं काल मी बोलले त्याचा उल्लेख केला नाही. मीही माफी मागितली नाही. ती एवढंच म्हणाली, डबा परत आण, रिकामा आणू नको.

दुसऱ्या दिवशी मी ते बारा नमुने काढायला घेतले. गाणं नाही, गुणगुणणं नाही. गुलाबी, पांढरं, नितळ. वरचं पाणी ओढताना हात इतका सावकाश चालला की सर येऊन बघून गेले. शेवटचा थेंब मी प्रत्येक नळीत सोडून दिला. पांढरे ठिपके बारापैकी नऊ ठिकाणी दिसले, तीन ठिकाणी आहे असं मानलं. मग लादीत सोडले, वीज लावली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, कारण आत उभं राहवेना. पाऊण तासानं दिव्याखाली लादी धरली.

पट्टे होते. पहिल्या खाचेत दोन, दुसरीत दोन, पुढे पुढे बघत गेले, दोन, दोन, दोन. अक्कांचे सगळ्यात ठळक, भरिताची कृपा. मी सरांच्या नावानं अशी हाक मारली की शेजारच्या खोलीतली माणसंही धावत आली. लादीचा फोटो काढला, तो सरांनी वर धरून बराच वेळ बघितला. म्हणाले, ठीक आहे, लाळच चालू ठेव. आणि मग, जे ते कधी करत नाहीत, हसले. विचारलं, नेमकं काय बदललंस? मी म्हटलं, सर, मीठ घातलं. ते अजून मला विचारतात त्याचा अर्थ.

संक्रांतीला मी गावी गेले. डबा घासून, वाळवून नेला होता, तिच्यासारखाच. मोठीमायनं हातात घेतला आणि तो हलका लागला तसं तिच्या कपाळावर आठी आली. तिनं झाकण उघडलं. आत तो फोटो होता, काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघांचा.

मी तिच्याजवळ बसून सांगितलं, ही आपली गल्ली. हे आबा, या अक्का, हा सातवा तुझा. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, सातव्या ठिकाणी बोट ठेवलं. एवढी शिशी भरून दिली आणि दोनच रेघा का, असं तिनं विचारलं. म्हटलं, दोनच लागतात. दोन दिसल्या म्हणजे तू दिलंस ते जळगावपर्यंत धड पोचलं, काही नासलं नाही. माझं काम तुझ्यामुळे राहिलं, मोठीमाय. आणि त्या दिवशी मी जे बोलले ते चुकलं माझं.

फोटोवर तिच्या बोटाचा ठसा उमटला होता, तिळाच्या तेलाचा. तो तिला दिसला. तिनं पदराचं टोक घेतलं, फोटोवर तोंडाची वाफ सोडली, आणि पुसायच्या आधी थांबून माझ्याकडे बघितलं.

"पुसू का?"

पूस, म्हटलं. याला काही होत नाही.